नावे-जमापासून एनएव्हीपर्यंत: हिशेब आणि गुंतवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत ठेवले आहेत. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. समोरचा आकडा कोणाच्या वहीतला आहे आणि तो रोख पैशाचा आहे की येण्या-देण्याचा, हे बघायचे राहून जाते. कराचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

१. बँकेत पैसे भरले की पासबुकात 'जमा' येतं. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्र तीच रक्कम बँकेच्या 'नावे' टाकायला सांगतात. खरं कोणतं?

दोन्ही खरे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, तुमच्या वहीची नव्हे. तुम्ही १०,००० रुपये भरलेत, म्हणजे बँक तुमचे तेवढे देणे लागते. तिच्या दृष्टीने तुम्ही देणारे, म्हणून तुम्हाला जमा. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे.

नियम तीनच आहेत. व्यक्ती किंवा संस्थेचे खाते असेल तर घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. वस्तू किंवा मालमत्तेचे असेल तर जे येते ते नावे, जे जाते ते जमा. खर्च-उत्पन्नाचे असेल तर खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. 'जमा म्हणजे आले, नावे म्हणजे गेले' असे कोणी शिकवले असेल तर ते आधी विसरा. पुढच्या निम्म्या चुका त्यातून होतात.

२. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद यांचा क्रम काय?

१२ जूनला ३,५०० रुपयांच्या पॅकिंग पिशव्या रोखीने घेतल्या असे धरू. त्या दिवशीची नोंद तारीखवार होते ती कीर्दीत: पॅकिंग खर्च खाते नावे ३,५००, रोख खात्याला जमा ३,५००. मग तोच आकडा खतावणीत दोन पानांवर जातो, एक पान पॅकिंगचे, एक रोखीचे. वर्षाच्या शेवटी प्रत्येक पानाची शिल्लक काढून एका यादीत मांडली की ती तेरीज. तिच्यातून खर्च-उत्पन्नाच्या शिलका नफा-तोटा पत्रकात जातात आणि येणी, देणी, मालमत्ता, भांडवल ताळेबंदात.

बऱ्याच दुकानांत वहीपूजन आजही लक्ष्मीपूजनाला होते, पण कायद्याने हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

३. भांडवल माझंच आहे, मग ते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला कसं?

कारण ताळेबंद धंद्याचा आहे, तुमचा नाही. हिशेबात धंदा हा वेगळा माणूस मानतात. त्याने बँकेकडून घेतले ते कर्ज, तुमच्याकडून घेतले ते भांडवल. दोन्ही त्याला द्यायची आहेत. म्हणून मालमत्ता = बाहेरची देणी + भांडवल हे समीकरण कधीही मोडत नाही. गल्ल्यातून घरखर्चाला काढलेले पैसे धंद्याचा खर्च नसतात. ती उचल असते आणि भांडवलातून वजा होते.

४. वर्षाचा नफा सव्वा लाख दाखवलाय, पण खात्यात तेवढे पैसेच नाहीत. कुठे गेले?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून पूर्ण आकडे मांडतो. मिरची-मसाला कांडून विकण्याचा धंदा धरा. १ एप्रिलला घरचे २,००,००० आणि बँकेचे कर्ज १,००,०००. त्यातून १,५०,००० चे कांडप यंत्र घेतले; हातात राहिले १,५०,०००. वर्षभरात:

विक्री ७,००,०००, त्यातली ९०,००० ची उधारी ३१ मार्चला वसूल व्हायची होती.
मिरची, धणे, तेल वगैरे खरेदी ४,००,०००, सगळी रोख. त्यातला ४०,००० चा माल शिल्लक.
भाडे, वीज, मजुरी, पॅकिंग १,८०,०००.
कर्जावरचे व्याज १२,०००, मुद्दल फेडली ३०,०००.
यंत्राचा घसारा १५ टक्क्यांनी २२,५००.
घरखर्चाला उचल ६०,०००.

आधी नफा. विकलेल्या मालाची किंमत ४,००,००० नव्हे, ३,६०,००० (शिल्लक माल अजून विकलेला नाही). ७,००,००० मधून ३,६०,०००, १,८०,०००, १२,००० आणि २२,५०० वजा केले की नफा १,२५,५००.

आता रोख. सुरुवातीचे १,५०,००० अधिक वसूल झालेले ६,१०,०००. त्यातून ४,००,०००, १,८०,०००, १२,०००, ३०,००० आणि ६०,००० गेले. उरले ७८,०००. म्हणजे सव्वा लाख नफा होऊनही रोकड ७२,००० ने घटली.

मधला फरक असा जुळतो: नफा १,२५,५००, त्यात घसाऱ्याचे २२,५०० परत मिळवा (ते खिशातून गेलेच नव्हते), मग उधारीचे ९०,०००, मालात अडकलेले ४०,०००, मुद्दलीचे ३०,००० आणि उचलीचे ६०,००० वजा करा. उत्तर उणे ७२,०००. कंपन्यांच्या वार्षिक अहवालातले रोख प्रवाह पत्रक नेमके हेच करते, फक्त कोटींत.

ताळेबंदही तपासून घ्या. यंत्र १,२७,५००, माल ४०,०००, येणी ९०,०००, रोख ७८,०००, बेरीज ३,३५,५००. समोर कर्ज ७०,००० आणि भांडवल २,६५,५०० (दोन लाख अधिक नफा वजा उचल). बेरीज तीच.

यातून एक सवय लावून घ्या. कुठल्याही कंपनीचा नफा वर्षानुवर्षे वाढतोय, पण व्यवसायातून आलेली रोख वाढत नाही आणि येणी मात्र फुगतायत, असे दिसले तर पुढे वाचण्याआधी थांबा. माल खपवण्यासाठी उधारी सैल सोडली असेल, नाहीतर विक्री फक्त कागदावर असेल.

५. कर्जाचा हप्ता १०,००० जातो, मग सगळा खर्चाला का टाकत नाहीत?

हप्त्यातले व्याज हा खर्च. मुद्दल म्हणजे देणे कमी होणे, त्याने नफा बदलत नाही. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या, त्यात दर महिन्याची फोड असते. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असते, म्हणून सरसकट अर्धे-अर्धे लिहिणे चूक.

६. घसारा म्हणजे नवीन मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे ना?

नाही. एक रुपयाही बाजूला पडत नाही. यंत्राची किंमत एकाच वर्षाच्या माथी न मारता ते जितकी वर्षे चालेल तितक्या वर्षांत वाटण्याची ती रीत आहे. नवीन यंत्रासाठी पैसे हवे असतील तर आवर्ती ठेव वेगळी काढावी लागते.

प्राप्तिकरात घसारा घटत्या शिलकेवर धरतात. प्रश्न ४ मधल्या यंत्रावर पहिल्या वर्षी २२,५००, दुसऱ्या वर्षी १,२७,५०० वर १५ टक्के म्हणजे १९,१२५. फर्निचरला १० टक्के, संगणकाला ४० टक्के. आणि एक अट हमखास सुटते: वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी दर निम्मा. कर वाचवायला मार्चमध्ये घाईने घेतलेल्या यंत्राला म्हणून अर्धाच घसारा मिळतो.

७. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं धरू का?

धरू नका. नोंद मुळातच राहून गेली असेल, यंत्राची दुरुस्ती यंत्र खात्यात घातली असेल किंवा दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील, तर तेरीज खुशाल जुळते.

जुळली नाही तर फरकाकडे नीट बघा. फरकाला २ ने भागून येणारी रक्कम कुठे सापडते का पाहा. सापडली तर ती बहुधा चुकीच्या बाजूला पडली आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० येतो.

८. कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला. पैसे पाचपट झाले का?

लाभांशाचे टक्के दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे शेअरमागे १० रुपये. तोच शेअर बाजारात ८०० ला असेल तर तुमच्या पैशावर पडले १.२५ टक्के. बातमीत टक्के दिसले की आधी दर्शनी किंमत शोधा. १, २, ५, १० यांपैकी काहीही असू शकते.

९. लाभांश मिळण्यासाठी शेअर कधी घ्यावा लागतो?

रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर, लाभांश त्याला) आधीच्या बाजारदिवशी उशिरात उशिरा. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात, त्यामुळे रेकॉर्ड डेटलाच घेतलेला शेअर डिमॅटमध्ये (शेअर ठेवण्याच्या खात्यात) एक दिवस उशिरा येतो आणि लाभांश विकणाऱ्याला जातो.

पण निव्वळ लाभांशासाठी आदल्या दिवशी घेण्यात काही हाती लागत नाही. रेकॉर्ड डेटला भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, आणि लाभांश तुमच्या उत्पन्नात धरून तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो तो वेगळाच. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० च्या वर लाभांश असेल तर १० टक्के टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापायचा कर) कापूनच हातात येतो.

१०. एकास एक बोनस मिळाला आणि भाव निम्मा झाला. तोटा झाला ना?

नाही. ९०० चे १०० शेअर होते, आता ४५० चे २०० आहेत. कंपनीने राखीव निधीतली रक्कम भाग भांडवलात टाकली, पैसा बाहेरून आला नाही. स्प्लिटमध्ये तर तेही होत नाही, दर्शनी किंमतच फुटते: १० चा एक, त्याचे २ चे पाच.

कराला मात्र हे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत. स्प्लिटमध्ये जुनी खरेदी किंमत विभागली जाते आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्यांचा काळ ते मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात. सगळी किंमत मूळ शेअरवरच राहते. म्हणून बोनसनंतर मूळ शेअर विकले की तोटा दिसतो आणि पुढे बोनस शेअर विकताना संपूर्ण रक्कम नफा ठरते. ब्रोकरच्या ॲपमधली सरासरी किंमत यासाठी वापरू नका.

११. पी/ई कमी म्हणजे शेअर स्वस्त, बरोबर?

भाव भागिले प्रति शेअर नफा म्हणजे पी/ई. भाव ६००, नफा ३०, तर पी/ई २०. गणित सोपे आहे. गडबड होते ती खालच्या आकड्यात. त्या ३० रुपयांतले १२ कंपनीने जमीन विकून मिळवले असतील तर धंद्याचा नफा १८ आणि खरा पी/ई ३३. नफा-तोटा पत्रकात 'अपवादात्मक बाबी' आणि 'इतर उत्पन्न' या ओळी त्यासाठी बघायच्या.

साखर, पोलाद अशा चढ-उताराच्या धंद्यांत पी/ई उलटा बोलतो. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो म्हणून पी/ई कमी दिसतो, आणि नेमके तेव्हाच घेणारे अडकतात. बँकांना हे माप फारसे लागू पडत नाही. तिथे पुस्तकी किमतीशी भावाची तुलना करतात. उपकंपन्या असतील तर एकत्रित निकालाचा आकडा घ्यावा, एकट्या कंपनीचा नाही. तोट्यातल्या कंपनीला पी/ई नसतोच.

१२. १० रुपये एनएव्हीचा नवीन फंड घेऊ की ४०० वाल्यात टाकू? १० मध्ये जास्त युनिट मिळतात.

युनिट किती, याला काही अर्थ नाही. १०,००० रुपयांचे १० च्या भावाने १,००० युनिट किंवा ४०० च्या भावाने २५. दोन्ही फंड १० टक्के वाढले की दोन्हीकडे ११,००० च होतात. एनएव्ही म्हणजे फंडाकडच्या सगळ्या मालमत्तेतून देणी वजा करून युनिटांनी भागलेली रक्कम. तिला शेअरच्या भावासारखे महाग-स्वस्त नसते. ४०० चा फंड जुना आहे एवढेच. त्याची मागची कामगिरी निदान तपासता तरी येते.

कोणत्या दिवशीची एनएव्ही मिळणार, हे तुम्ही अर्ज केव्हा केलात यावरच ठरत नाही. पैसे फंडाच्या खात्यात दुपारी ३ च्या आत पोचले पाहिजेत (लिक्विड आणि ओव्हरनाइट फंडांचा वेळ वेगळा). २ वाजता ऑर्डर टाकूनही दुसऱ्या दिवशीची एनएव्ही लागते ती यामुळे.

१३. डायरेक्ट, रेग्युलर, ग्रोथ, आयडीसीडब्ल्यू यांतलं काय निवडू?

डायरेक्टमध्ये वितरकाचे कमिशन नसते, म्हणून खर्चाचे प्रमाण कमी आणि एनएव्ही जास्त. फंड एकच, शेअर तेच. हे प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत. वितरक खरोखर सल्ला देत असेल, पडत्या बाजारात तुम्हाला धरून ठेवत असेल, तर रेग्युलरचे पैसे वसूल होतात. फक्त फॉर्म भरून देत असेल तर नाही.

आयडीसीडब्ल्यू म्हणजे पूर्वीचा 'डिव्हिडंड' पर्याय. मिळालेली रक्कम तुमच्याच एनएव्हीतून वजा होते आणि तिच्यावर तुमच्या टप्प्याने कर लागतो. ग्रोथमध्ये नफा वाटत नाहीत, तो फंडातच राहतो. दरमहा पैसे हवे असतील तर ग्रोथ घेऊन ठरावीक रक्कम काढत राहणे बहुतेकांना सोयीचे पडते.

१४. एसआयपीत (दरमहा ठरावीक हप्ता) वर्षभर महिन्याला ५,००० टाकले, ६०,००० चे ६३,८३० झाले. म्हणजे फक्त ६.४ टक्के?

६.४ टक्के हा सरळ परतावा. पण साठ हजार वर्षभर गुंतलेले नव्हते. पहिला हप्ता १२ महिने राहिला, शेवटचा एकच महिना. प्रत्येक हप्त्याचा काळ धरून काढलेला वार्षिक दर म्हणजे एक्सआयआरआर, आणि तो इथे साधारण १२ टक्के येतो.

एक्सेलमध्ये स्वतः काढता येतो. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात हप्ते उणे चिन्हाने, शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत अधिक चिन्हाने. मग एक्सआयआरआर हे सूत्र. एरर आला तर बहुधा सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतात किंवा तारखा मजकूर म्हणून टाइप झालेल्या असतात. गुंतवणूक वर्षापेक्षा कमी काळाची असेल तर हा आकडा मनावर घेऊ नका. दोन महिन्यांतली ४ टक्के वाढ तो वर्षाला २६-२७ टक्के करून दाखवतो.

एकरकमी गुंतवणुकीला सीएजीआर (वार्षिक चक्रवाढ दर) पुरतो. एक लाखाचे सहा वर्षांत दोन लाख झाले तर १२.२५ टक्के. तोंडी अंदाजाला ७२ ला वर्षांनी भागा: ७२ भागिले ६, म्हणजे १२.

१५. ईएलएसएसमध्ये (कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडात) एप्रिल २०२५ पासून एसआयपी आहे. एप्रिल २०२८ ला सगळे पैसे काढता येतील ना?

फक्त पहिल्या हप्त्याचे. तीन वर्षांची अट प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र लागते, त्यामुळे मार्च २०२६ चा हप्ता मार्च २०२९ ला मोकळा होईल. वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवीन प्रणालीत असाल तर निव्वळ कर वाचवायला पैसे तीन वर्षे अडकवण्याचे कारण उरत नाही.

१६. ७ टक्क्यांची एफडी, पण जाहिरातीत यील्ड ८.३० टक्के लिहिलंय. जादा व्याज कुठून?

कुठूनच नाही. बँका तिमाही चक्रवाढ देतात. ७ टक्क्यांनी एक लाखाचे पाच वर्षांत १,४१,४७८ होतात. ४१,४७८ ला पाचाने भागले की वर्षाला ८,२९६, त्यालाच 'यील्ड ८.३०' म्हणतात. खरा वार्षिक दर ७.१९ टक्के. दोन ठेवींची तुलना करताना मुदतीअंती हातात किती येणार, एवढेच विचारा.

व्याज मुदतीअंती मिळणार असले तरी करासाठी ते दरवर्षी जमा झाले असे धरतात, आणि टीडीएसही दरवर्षी कापतात: एका बँकेचे वर्षाचे व्याज ५०,००० च्या वर गेले की, ज्येष्ठ नागरिकांना १ लाखाच्या वर. टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असे नाही. २० किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला स्वतः भरायचा असतो.

१७. पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त मिळतो. पाच लाखांचा विमा तिथेही असतो ना?

नाही. हे ठळक सांगायला हवे, कारण गावोगावी निवृत्तीचे पैसे याच समजुतीवर ठेवले जातात. डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा ५ लाखांचा विमा व्यापारी बँका आणि नागरी, जिल्हा मध्यवर्ती, राज्य सहकारी बँकांना आहे. पतसंस्था बँक नसते. तिला तो लागू नाही.

बँकेतही ५ लाख हे मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी केल्याने संरक्षण तिप्पट होत नाही; दोन वेगळ्या बँकांत ठेवल्या तर प्रत्येकीत वेगळे मिळते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती.

१८. शेअर आणि इक्विटी फंड विकल्यावर कर किती? माझं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, मग लागतो का?

२३ जुलै २०२४ पासून: १२ महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकले तर वर्षातल्या १.२५ लाखापर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि पुढे १२.५ टक्के. वर ४ टक्के उपकर. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचे १२ महिने वेगळे, आणि आधी घेतलेले युनिट आधी विकले असे धरतात. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांना (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या) ही सवलत नाही, तिथे टप्प्याचा दर.

१२ लाखांचा मुद्दा अनेकांना महागात पडतो. नवीन प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट या खास दरांच्या करातून मिळत नाही. पगार ८ लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा १ लाख असेल तर पगारावर कर शून्य, पण त्या एक लाखावर २० टक्के लागतात. इतर उत्पन्न ४ लाखांपेक्षाही कमी असेल तर निवासी व्यक्तीला करमुक्त उत्पन्नाची उरलेली मूळ मर्यादा या नफ्यापुढे वापरता येते.

तोटा झाला असेल तरी विवरणपत्र मुदतीत भरा. तरच तो ८ वर्षे पुढे नेता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून. बोनस शेअरची खरेदी किंमत कशी धरायची ते प्रश्न १० मध्ये आहे.

१९. डिमॅटला धाकट्या मुलाचं नाव नॉमिनी आहे. म्हणजे शेअर त्याचेच होणार?

शेअर त्याच्या खात्यात जातील, पण वारसांच्या वतीने सांभाळायला. नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनी शेअरबाबत स्पष्ट केले आहे. मालकी मृत्युपत्राने ठरते, ते नसेल तर वारसा कायद्याने. इतर वारस आपला हिस्सा मागू शकतात. धाकट्यालाच द्यायचे असतील तर नॉमिनेशन तसेच ठेवा, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केलेल्या मृत्युपत्रात डिमॅट खात्याचा क्रमांक घालून तसे लिहा.